यंत्राला काम द्या, सही देऊ नका

(सिकंदराबाद येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी भाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नावापुढे विषय छापला आहे, 'सेवाभावी संस्था आणि कृत्रिम बुद्धिमत्ता'. तो वाचून आमचे एक जुने सहकारी म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही मॅट्रिक आणि विषय इंजिनिअरचा!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. या यंत्राच्या पोटातले गणित आम्हाला येत नाही. पण इंजिन कसे बनवतात हे ठाऊक नसलेल्या गेटमनलाही फाटक कधी बंद करायचे ते बरोबर कळते. आम्ही आज तेवढेच सांगणार आहोत. त्यात आमच्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहोत, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या गावी अशा संस्था आहेत आणि तीच चूक तिथेही व्हायला वेळ लागणार नाही.

आमच्या शाखेच्या पुढाकाराने एक छोटी मदत संस्था चालते. धर्मादाय आयुक्तांकडे तिची नोंद आहे. नोकरीत असताना वारलेल्या कामगारांच्या विधवा, पेन्शनसाठी हेलपाटे घालणारे म्हातारे, अनुकंपा नियुक्तीकडे डोळे लावून बसलेली मुले, यांचे कागद पुरे करून देणे हे तिचे काम. रेल्वेचे लोक येतात तसे टपाल खात्याचेही येतात. स्टेशनजवळ एक खोली, दोन कपाटे, एक संगणक, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या दोन ताई आणि सात-आठ निवृत्त कार्यकर्ते, एवढाच पसारा. काम मात्र रोज वाढते. परिपत्रके येतात इंग्रजीत नाहीतर हिंदीत, आणि खिडकीशी उभी असलेली बाई विचारते मराठीत, "भाऊ, यात माझ्यासाठी काय लिहिलंय?"

2025 च्या उन्हाळ्यात एका कार्यकर्त्याच्या मुलाने आमच्या संगणकावर हे नवे यंत्र सुरू करून दिले. प्रश्न मराठीत विचारा, उत्तर मराठीत मिळते. इंग्रजी परिपत्रक घाला, सारांश निघतो. अर्ज सांगा, लिहून मिळतो. आम्ही सगळे खूश झालो. ज्या कामाला ताईंचा सबंध दिवस जायचा ते तासाभरात उरकू लागले. पहिल्या महिन्यात आम्ही कौतुकाशिवाय दुसरे काही केले नाही, हे कबूल केले पाहिजे.

मग ते प्रकरण झाले. पूर्णेकडच्या एका खेड्यातल्या वहिनी आमच्याकडे आल्या होत्या. यजमान ट्रॅकमन, 2004 च्या आधीपासून नोकरीत, 2018 साली ड्यूटीवर असताना हृदयविकाराने गेले. वहिनींना वाढीव दराने कुटुंब निवृत्तिवेतन चालू होते. ते किती वर्षे चालेल, एवढाच त्यांचा प्रश्न होता, कारण मुलगी नर्सिंगला होती आणि पुढच्या वर्षांच्या फीची जुळवाजुळव करायची होती. त्या दिवशी गर्दी होती. कार्यकर्त्याने त्यांची कागदपत्रे यंत्रात घातली, उत्तर छापले, सहीसाठी आमच्यापुढे ठेवले. आम्ही सही केली. पत्रात लिहिले होते की वाढीव दर सात वर्षे मिळतो आणि त्याची मुदत 2025 सालीच संपत आहे.

इथे बसलेल्या जाणत्या मंडळींच्या लक्षात आलेच असेल. नोकरीत असताना मृत्यू झाला तर वाढीव दर दहा वर्षे मिळतो. सात वर्षांचा, किंवा मृत व्यक्तीचे वय सदुसष्ट झाले असते तोपर्यंतचा, यांपैकी जे आधी येईल तो, असा नियम निवृत्त झाल्यानंतर वारलेल्यांच्या कुटुंबासाठी आहे. यंत्राने एका नियमाचे उत्तर दुसऱ्या माणसाला दिले. वाढीव दर म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मा, साधा दर तीस टक्के. तीस हजार मूळ पगार धरला तर पंधरा हजार आणि नऊ हजार, असा दरमहा सहा हजारांचा फरक, महागाई भत्ता वेगळाच. तीन वर्षांचे झाले दोन लाख सोळा हजार. आमच्या सहीच्या पत्राने तेवढे पैसे त्या घराच्या हिशोबातून पुसले गेले.

पंधरा दिवसांनी वहिनी पुन्हा आल्या. पैशांसाठी नाही, मुलीचे नाव कॉलेजातून कमी करायचे तर भरलेली फी परत मिळते का, हे विचारायला. ताईंना शंका आली. त्यांनी कपाटातून पीपीओची प्रत काढली. वाढीव दर कोणत्या तारखेपर्यंत, ते त्या कागदावर स्वच्छ छापलेले होते, 2028. ताई म्हणाल्या, "वहिनी, फी परत मागू नका. भरायची तयारी करा." त्यावर वहिनी काही बोलल्या नाहीत. पत्राची घडी उलगडून त्यांनी आमच्यापुढे ठेवली आणि सहीवर बोट ठेवून विचारले, "मग हे तुम्हीच लिहिलं ना, भाऊ?"

बंधूंनो, आमच्या तीस वर्षांच्या युनियनच्या कामात अनेक अधिकाऱ्यांनी आम्हाला जाब विचारला, आम्ही त्यांना पुरून उरलो. या प्रश्नाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हते. यंत्राने लिहिले असे सांगता आले असते. पण यंत्रावर विश्वास ठेवून ती बाई आली नव्हती, आमच्यावर ठेवून आली होती.

त्याच आठवड्यात आम्ही यंत्राचे काम थांबवले आणि जुनी पत्रे तपासली. एका ग्रामीण डाक सेवकाच्या घरच्यांना असे लिहून गेले होते की खात्याच्या पोस्टमनप्रमाणे तुम्हालाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल. डाक सेवकांना ते पेन्शन लागू नाही, हे टपालातला नवा मुलगाही सांगेल. वहिनींची आशा खोटी मारली गेली, इथे खोटी आशा लावली गेली. त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच निघाली. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, दवाखान्याचे अहवाल असे सगळे कागद आम्ही त्या यंत्रात घालत होतो. ते कुठे जातात, कोण ठेवतो, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. बायकांनी ते कागद आम्हाला दिले होते. आम्ही ते न विचारता तिसऱ्याच्या हाती दिले होते.

आता हे यंत्र असे का चुकते, ते साध्या शब्दांत. त्याने प्रचंड मजकूर वाचलेला असतो, आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव आहे याचा अंदाज बांधत ते वाक्य रचते. म्हणून त्याची भाषा ओघवती असते. पण बरोबर उत्तर असो की चूक, त्याचा आवाज सारखाच ठाम असतो. आपल्या कार्यालयातला नवखा कारकून नियम ठाऊक नसला की अडखळतो, त्यावरून आपण सावध होतो. हे यंत्र अनेकदा अडखळतच नाही. 2023 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी अशा यंत्राने रचलेले, कधी झालेच नव्हते असे निकाल पुरावा म्हणून सादर केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. शिकलेल्या वकिलांची ही गत, तर आमची काय कथा!

एक मत असे आले की ही ब्यादच नको, बंदी घाला. आम्ही त्या मताचा अपमान करत नाही. आपल्या चळवळीचा यंत्रांशी जुना हिशोब आहे. 1960 च्या दशकात कलकत्त्यात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी 1983 साली व्यवस्थापनाशी करार करून यंत्रे किती आणि कोणत्या अटींवर यायची ते लिहून घेतले. रेल्वेत 1985-86 साली दिल्लीला संगणकावर आरक्षण सुरू झाले तेव्हा आपल्यातलेच लोक म्हणाले, आता खिडकीवरचा माणूस संपला. लोकांची रांग कमी झाली हे खरे, आणि पुढे अनेक पदे भरली गेली नाहीत हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच यंत्राने आणल्या. यातून आम्ही एवढेच शिकलो की यंत्र दाराशी आले की पहिल्या दिवशी अटी घालायच्या असतात. वर्षाने घातलेल्या अटी कोणी ऐकत नाही.

आमची संस्था छोटी म्हणून चूकही छोटी राहिली. मोठ्या संस्थांत काय झाले, तेही पाहा.

अमेरिकेत खाण्यासंबंधीच्या मानसिक आजारांनी पिडलेल्यांसाठी नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन नावाची सेवाभावी संस्था आहे. तिची मदतवाहिनी वीस वर्षांहून अधिक काळ चालू होती. थोडे पगारी कर्मचारी आणि बरेच स्वयंसेवक फोनवर व संदेशांवर लोकांशी बोलत. कामाचा ताण वाढला, प्रशिक्षण आणि माणसे पुरेनात, म्हणून कर्मचाऱ्यांनी युनियन केली आणि ते कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका या तार-टेलिफोन कामगारांच्या जुन्या संघटनेत सामील झाले. युनियन निवडून आल्यावर काही दिवसांतच, मार्च 2023 मध्ये, त्यांना सांगण्यात आले की मदतवाहिनीच बंद होणार. वाढता भार आणि कायदेशीर जोखीम ही कारणे संस्थेने दिली. लोकांना 'टेसा' नावाच्या बोलक्या यंत्राकडे पाठवण्याचे ठरले. आणि मे अखेरीस ते यंत्रही काढून घ्यावे लागले, कारण उपाशी राहण्याच्या आजाराने ग्रासलेल्यांना ते वजन कमी करण्याचे सल्ले देत होते! माणसेही गेली आणि यंत्रही गेले. मागे राहिला तो मदत मागणारा. त्या कर्मचाऱ्यांना आधी टेबलावर बसवून विचारले असते, तर यंत्राने काय बोलू नये याची यादी त्यांनी पहिल्या दिवशी दिली असती. रोज फोन तेच घेत होते.

दुसरे उदाहरणही तिथलेच. आत्महत्येच्या विचारात असलेल्यांशी संदेशांवर बोलणारी क्रायसिस टेक्स्ट लाइन ही संस्था. तिथल्या संभाषणांचा साठा, नावे काढून का होईना, ग्राहकसेवेची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका नफ्याच्या कंपनीला दिला जात होता. जानेवारी 2022 मध्ये हे वृत्तपत्रांतून बाहेर आले, ओरड झाली, आणि काही दिवसांत संस्थेने तो व्यवहार थांबवला. नियमात बसते की नाही हा प्रश्न वेगळा. रात्री दोन वाजता मरणाच्या दारातून लिहिणाऱ्या माणसाने आपले दुःख कुणाच्या धंद्यासाठी दिलेले नसते.

आणि आपण ज्या राज्यात बसलो आहोत तिथलीही गोष्ट ऐका. तेलंगणात 2014 ते 2019 या काळात सुमारे 19 लाख रेशनकार्डे रद्द झाली. निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी जुळवणारी 'समग्र वेदिका' ही संगणकीय व्यवस्था त्यासाठी वापरली गेली. एका गरीब रिक्षावाल्याच्या कुटुंबाकडे मोटारगाडी आहे असे संगणकाने ठरवले आणि धान्य बंद झाले. घरी जाऊन कोणी पाहिले नाही. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला 2022 साली आदेश द्यावा लागला की प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करा. नोंद जुळवणारे यंत्र होते, पण भाकरी कोणाची तोडायची हा निर्णय त्याच्यावर सोडला तो माणसांनीच.

आता आम्ही काय केले ते सांगतो. तीन रविवार बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीला दोन्ही ताईंना अध्यक्षांच्या शेजारी बसवले, आणि मदत घेणाऱ्या तीन भगिनींनाही बोलावले. त्यांत पूर्णेच्या वहिनी होत्या. बंदी घालायची नाही, पण पाच अटी लिहून भिंतीवर लावायच्या, असे ठरले.

पहिली अट कामाची. परिपत्रकाचा मराठीत कच्चा तर्जुमा, साध्या पत्राचा कच्चा मसुदा, बैठकीच्या टिपणाचा सारांश, एवढे यंत्राने करावे. कोणाला किती मिळेल, कोण पात्र, कोणाचा अर्ज आधी घ्यायचा, हे यंत्राला विचारायचे नाही. आणि घरात मयत झालेल्या माणसाशी माणसानेच बोलायचे.

दुसरी अट कागदांची. नाव, आधार, पीपीओ क्रमांक, बँक खाते, आजाराची माहिती यंत्रात घालायची नाही. पत्र हवे असेल तर 'अर्जदार महिला' एवढे लिहून मसुदा घ्यायचा आणि नावे हाताने भरायची. ज्यांचे काम यंत्राच्या मदतीने करायचे त्यांना मराठीत वाचून दाखवायचे आणि विचारायचे. नाही म्हणाल्या तरी काम तितकेच मनापासून करायचे. यात आम्ही कोणावर उपकार करत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 साली सांगितले. 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले. त्यांतल्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, पण चांगल्या वागणुकीसाठी तारखेची वाट पाहायची नसते. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय त्या कायद्यात आहे. म्हणजे मराठीत मागायचा हक्क आहे.

तिसरी अट सहीची. ही आमच्या वहिनींच्या बोटाने लिहिलेली अट आहे. आपल्याकडे गेटमन फाटक बंद करून स्टेशन मास्तरला टेलिफोनवर प्रायव्हेट नंबर देतो, आणि तो दोघांच्याही रजिस्टरात चढतो. नुसते "बंद केले" म्हणणे चालत नाही. तसेच आम्ही एक रजिस्टर ठेवले. यंत्राच्या मदतीने तयार झालेला प्रत्येक कागद कोणी तपासला, कोणता नियम किंवा परिपत्रक समोर ठेवून तपासला, हे लिहून मगच सहीला येतो. ती नोंद नसेल तर सेक्रेटरी सही करणार नाही. टपालातल्या मित्रांना हे समजावण्याची गरज नाही. 2025 साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाली, तरी मोलाची वस्तू सहीशिवाय कुणाच्या हाती द्यायची नाही ही तुमची सवय विलीन झालेली नाही.

चौथी अट कामगारांची. यंत्रामुळे ताईंचे मानधन किंवा तास कमी होणार नाहीत. शिकण्याचा वेळ कामाच्या वेळेतच धरला जाईल. वाचलेला वेळ घरभेटींसाठी, कारण ज्या बाईला स्टेशनपर्यंत येता येत नाही तिचे कागद कपाटात तसेच पडलेले असतात. आपण व्यवस्थापनाकडे जे मागतो ते आपल्या संस्थेत दिले नाही, तर उद्या कोणत्या तोंडाने मागणार?

पाचवी अट बाहेर पडण्याच्या दाराची. चूक झाली की लपवायची नाही, चुकांच्या वहीत लिहायची. दर तीन महिन्यांनी वही उघडून बसायचे आणि नको वाटले तर बंद करायचे. कंपनीला तीन प्रश्न लेखी विचारायचे: आमचा मजकूर कुठे ठेवता, त्यावर तुमचे यंत्र शिकवता का, आणि आम्ही सोडून गेलो तर पुसून टाकता का. फुकट मिळते म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत, हा संकोच आम्ही सोडला. फुकटच्या चहाच्या बदल्यात आपण कपाटाची किल्ली देत नाही.

एका कार्यकर्त्याने विचारले, "एका खोलीच्या संस्थेला एवढा बडेजाव कशाला?" आम्ही म्हटले, भाऊ, मोठ्या कंपनीची चूक झाली तर तिच्याकडे वकील आहेत. आपली चूक झाली तर त्या बाईकडे दुसरी खिडकीच नाही. या अटींना खर्च आला तो एक रजिस्टर, एक वही आणि भिंतीवरचा एक कागद. कामाचा वेग पहिल्या महिन्याइतका राहिला नाही, हे खरे. तासाभराचे काम आता दोन तासांचे झाले आहे. पण पूर्वी त्याला दिवस लागत होता, आणि मधल्या काळात त्याला एका मुलीचे कॉलेज जाणार होते. हा हिशोब आम्हाला परवडतो.

चुकांच्या वहीत आजवर अकरा नोंदी झाल्या आहेत. त्यांतल्या सात यंत्राच्या आहेत आणि चार आमच्या. अकराही कागद दाराबाहेर जाण्याआधी सापडले. पहिल्या पानावर मात्र आम्ही ते जुने पत्र चिकटवले आहे, आमच्या सहीसकट. नवा कार्यकर्ता आला की आधी ते वाचायला देतो.

मुलगी नर्सिंगच्या पुढच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात वहिनी आल्या होत्या, दुसऱ्या एका बाईला सोबत घेऊन. तिला खिडकीशी बसवून म्हणाल्या, "कागद देण्याआधी हे लोक वाचून दाखवतात. नीट ऐक, आणि समजलं नाही तर विचार." आम्ही त्यांना नमस्कार केला.

तुम्ही आपापल्या गावी परत जाल तेव्हा संस्थेच्या खोलीत जाऊन एवढेच पाहा, की तिथे हे यंत्र आले आहे का. बहुतेक ठिकाणी ठराव न होता आलेले असेल, कुणाच्या तरी खिशातल्या फोनमधून. रागावू नका. पण खुर्च्या मांडा, खिडकीवर काम करणाऱ्यांना आणि खिडकीशी उभे राहणाऱ्यांना एकत्र बसवा, आणि अटी लिहून काढा.

कामगार एकजुटीचा विजय असो!